मण्यांचा सोफा आणि पितळेचा बंब

आमच्या घरात पहिला सोफा आला तो माझ्या जन्माच्या आधी. तीन इंच उंच, पांढऱ्या-गुलाबी मण्यांचा, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. एक लांब, दोन एकेरी आणि मध्ये टीपॉय. आईच्या रुखवतातला. बसायचा सोफा आला २०२१ मध्ये, माझ्या दुसऱ्या नोकरीच्या पगारातून. तोवर पाहुणे बाजेवर नाहीतर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि त्यांच्या डोक्यामागे, भिंतीतल्या काचेच्या शोकेसमध्ये, हा सोफा सलाईनच्या नळीच्या माशाशेजारी आणि सुपारीच्या नवरा-नवरीशेजारी चकाकत असायचा. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. केज तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा खरा सोफा दोन-तीन घरांतच असेल, पण मण्यांचा सोफा बहुतेक शोकेसमध्ये होता.

हे आठवलं ते गेल्या वर्षी पुण्यात भातुकलीचं एक प्रदर्शन बघताना. शनिवारची दुपार होती, मी खरंतर मित्राला सोबत म्हणून गेलो होतो. पण आत शिरल्यावर तासभर हललो नाही. मुठीएवढा पितळी बंब, त्याला फिरणारी तोटी. अंगठ्याएवढा वरवंटा. दगडाचं जातं, ज्याची वरची तळी खुंटा धरून खरंच फिरते. चौरंग, पाट, पाळणा, पोळपाट, सोऱ्या, पानाचा डबा आणि त्यात मावणारा अडकित्ता. मी दिवसभर कोड लिहितो, दुसऱ्याने नीट केलेलं काम मला लांबून ओळखू येतं. या तोट्या करणाऱ्या माणसाने 'खेळण्याचीच तर आहे' असं म्हणून कुठेही हात आखडता घेतला नव्हता.

माझ्या शेजारी एक काकू उभ्या होत्या. बंब बघून म्हणाल्या, "आमच्याकडे अस्सा होता." पलीकडचे काका म्हणाले, "आमच्याकडे चुलीसकट होता." थोड्या वेळाने लक्षात आलं की संपूर्ण दालनात हेच एक वाक्य फिरतंय. प्रत्येक टेबलापाशी कुणीतरी कुणाला तरी सांगतंय, आमच्याकडे होतं. मी मित्राकडे बघितलं. तो सदाशिव पेठेतला, त्याच्या आजीकडे होतं. माझ्याकडे काय होतं? मण्यांचा सोफा. आणि तो तिथे नव्हता.

या लेखात मला त्या 'आमच्याकडे'बद्दल बोलायचंय. संग्रहांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. पुण्यातल्या विलास करंदीकरांसारख्या माणसाने भातुकलीच्या हजारो वस्तू जमवल्या नसत्या, त्यांची प्रदर्शनं भरवली नसती, तर यातल्या कितीतरी वस्तू आज कुणाला दिसल्याच नसत्या. त्याआधी दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, दारं, भांडी गोळा करायला सुरुवात केली. राजेराजवाड्यांच्या तलवारी सोडून घरातल्या रोजच्या वस्तूंमागे लागायचं, हे त्या काळात वेडच असणार. १९६२ मध्ये त्याचं संग्रहालय झालं, १९७५ मध्ये त्यांनी संग्रह राज्य सरकारला दिला. संग्रहालयाचं नाव त्यांच्या मुलाचं आहे, राजा, जो लहानपणीच गेला. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. कळल्यावर पुन्हा गेलो, आणि दुसऱ्या वेळी खेळण्यांपाशी जास्त वेळ थांबलो.

म्हणजे कृतज्ञता आहेच. तक्रार मांडणीबद्दल आहे.

भातुकलीची प्रदर्शनं मांडली जातात ती युरोपातल्या बाहुलीघरांसारखी. वस्तू टेबलावर, घासूनपुसून लख्ख, हात लावू नका. बाहुलीघराला हे शोभतं, कारण ते बघण्यासाठीच केलेलं असतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं बाहुलीघर आहे, साधारण १६८६ ते १७१० या काळात सजवलेलं. बाहेरून ते कासवाच्या कवचाने मढवलेलं कपाट आहे आणि आत खोल्या. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठचं खरं घर आलं असतं, असं म्हणतात. ही बाई लहान मुलगी नव्हती, श्रीमंत व्यापाऱ्याची बायको होती. पाहुणे आले की कपाटाची दारं उघडायची आणि दाखवायचं. दुसरं प्रसिद्ध उदाहरण विंडसर कॅसलमधल्या क्वीन मेरीच्या बाहुलीघराचं, १९२४ मध्ये पूर्ण झालेलं. आराखडा एडविन लुटियन्सचा, म्हणजे ज्याची नवी दिल्ली त्याच वेळी बांधून होत होती त्याचा. त्यात नळाला पाणी येतं, वीज आहे, लिफ्ट चालते. सगळं एकास बारा या प्रमाणात: खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथे एक इंच. जगभर लहान फर्निचर जमवणारे आजही बहुतेक हेच प्रमाण पाळतात. कुठल्याही शतकातली खुर्ची कुठल्याही खोलीत ठेवता यावी म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड ठरलंय, त्यामुळे सगळ्यांचे सुटे भाग एकमेकांत बसतात.

आता भातुकली बघा. त्या प्रदर्शनात मी मोबाइलवर फोटो काढून नंतर घरी मापांचा अंदाज घेत बसलो (हो, मला इतर छंद कमी आहेत). बंब खऱ्याच्या आठव्या-दहाव्या भागाएवढा. कढई सहाव्या. झारा मात्र जवळजवळ तिसऱ्या. पोळपाटावर लाटणं ठेवलं तर ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. एकास बाराच्या शिस्तीत हे बसत नाही, आणि पहिल्यांदा मला ती कारागिराची हयगय वाटली. मग कळलं. झारा मोठा आहे कारण तो धरायचाय. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या मुठीत जेवढं मावेल आणि जेवढं निसटणार नाही, तेवढा तो आहे. बंब धरायचा नसतो, म्हणून तो कितीही लहान चालतो. भातुकलीचं प्रमाण डोळ्याने ठरलेलं नाही, हाताने ठरलंय.

या एका गोष्टीतून बाकीचं सगळं निघतं. बाहुलीघरात राहणारी बाहुली असते आणि मालकीण बाहेरून बघते. भातुकलीत बाहुली असली तर पाहुणी म्हणून, तिच्या लग्नापुरती. घरात राहणारी ती मुलगी स्वतः. ती बघत नसते, करत असते. कढईत खरा गूळ, खरे दाणे, चुरमुरे. जातं फिरतं कारण त्यातून पीठ पडायला हवं, निदान पडल्यासारखं व्हायला हवं. त्यामुळे बाहुलीघर काचेमागे ठेवलं तर त्याचं फार काही जात नाही, ते आधीपासून काचेमागेच होतं. भातुकली काचेमागे ठेवली की तिचं निम्मंअधिक गेलं. उरतात ती लहान भांडी. आणि लहान भांडं बघून माणसाच्या तोंडून जे निघतं ते दोनच शब्दांचं असतं: किती गोड!

बाहुलीघरात फर्निचर असतं, आपल्याकडे मात्र भांडीच का? यावर मी बराच विचार केला. पाट, चौरंग, पाळणा, फार तर झोपाळा. यापलीकडे भातुकलीत लाकूडकाम नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेच्या रंगात रंगवलेली जी लाकडी भातुकली मिळते, तिच्यातही पुष्कळशी भांडीच, फक्त लाकडाची. मला वाटतं, याचं उत्तर घरांच्या भिंतीत आहे. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. कपाट म्हणजे भिंतीतलं फडताळ. दिव्याचं स्टँड म्हणजे दिवळी. हँगर म्हणजे खुंटी. बसायला ओटा, तोही बांधलेला. धान्याला कणगी, मडक्यांना उतरंड, पाण्याच्या घागरींना घडवंची. हलवता येण्यासारखी एकच मोठी वस्तू, बाज. ती दिवसा उभी करून ठेवायची. भिंतीची प्रतिकृती करून कुणी मुलीला खेळायला देत नाही. घराचं 'सामान' म्हणून जे उरतं ती भांडी, म्हणून मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. त्या मुलीला घर म्हणजे स्वयंपाकघरच असायचं होतं, हेही कारण आहेच. पण एकटं तेच कारण नाही, एवढंच मला म्हणायचंय.

बारीक फर्निचर आपल्याकडे आणखी एका ठिकाणी असतं, ते म्हणजे देवघर. बाळकृष्णाचा पितळी पाळणा, देवाचं सिंहासन, चौरंग, मखर. हे मोठ्या माणसांचं, गंभीरपणे वापरायचं बारीक फर्निचर. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात तुळजाभवानी वर्षातून तीनदा पलंगावर झोपते, मंचकी निद्रा म्हणतात तिला, आणि त्या दिवसांत कुणाला ते 'गोड' वाटत नाही. आमच्या घरचा बाळकृष्णाचा पाळणा आजोबांच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या काकांकडे गेला. त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. जमिनीवरून इतकं भांडण झालं नव्हतं.

पण परत भातुकलीकडे. पितळेची भातुकली आमच्या भागात कमी दिसते, याचं एक कारण उघड आहे: ती घेण्याची ऐपत असलेली घरं कमी. दुसरं कारण आजी सांगायची. बाहत्तरच्या दुष्काळात तिच्या सासरची पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. आधी मोठा हंडा, मग परात, मग घागरी. भांडी मोडीत वजनावर जातात, त्यावरचं नक्षीकाम आणि नाव धरत नाहीत. आजीच्या परातीवर तिचं नाव टोचलेलं होतं, तेही वजनात गेलं. भातुकलीचं वजन ते किती? छटाकभर. मला वाटतं, पुण्या-मुंबईकडच्या घरांत भातुकली टिकली त्याचं एक कारण हेच असावं. मोडीत घालून काही हाती येणार नव्हतं, आणि छटाकभर पितळेवाचून चूल अडावी अशी वेळ आली नाही. ज्या घरांवर आली त्यांनी छटाकही विकला. म्हणजे संग्रहात जे दिसतं त्याने कुणाची अभिरुची कळते तेवढीच कुणाची अडचण कळते. कुठल्या जिल्ह्यातून किती वस्तू मिळाल्या याचा एक साधा नकाशा प्रदर्शनाच्या दाराशी लावला, तर मला वाटतं अर्धं काम होईल. नकाशात बीडच्या जागी मोठं पांढरं भोक असेल. असू दे. ते भोकही दाखवण्यासारखं आहे.

मग आम्ही खेळलो कशाशी? ज्वारीच्या धांड्याशी. काढणी झाली की धांड्याची साल नखाने सोलायची. साल चिवट, आतला गाभा पांढरा आणि हलका. गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या त्यांत टोचायच्या. खिळा नको, डिंक नको. बैलगाडी सगळेच करायचे, पण याच जोडणीने बाज होते, खुर्ची होते, पाळणा होतो. माझी मोठी बहीण अख्खी खोली करायची. काडीपेटीच्या चार पेट्या चिकटवून चार खणांचं कपाट, खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण म्हणजे परात, चिंचोके म्हणजे पाहुणे. पोळ्याला मातीचे बैल. यातलं एकही संग्रहात नाही, आणि संग्राहकाचा यात काही दोष नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नसायचंच. एकदा ताईने केलेली बाज, खुर्च्या आणि पाळणा वासराने खाल्ला. ती रडली, आजी म्हणाली, दुसरं कर. आणि तिने केलं, तासाभरात. ते करता येणं हाच संग्रह होता, तो तिच्या बोटांत होता. ताई आता लातूरला असते, तिला दोन मुलं आहेत. मागे मी तिला फोनवर विचारलं, अजून जमेल का? म्हणाली, धांडे आणून दे. हिंजवडीत धांडे कुठून आणू, पण हार्वेस्टिंगच्या वेळी जाऊन व्हिडिओ करायचा असं ठरलंय.

एक आठवण अशी आहे जी मला या सगळ्यापेक्षा जास्त छळते. आमच्या गल्लीत, माझ्याच वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, साखर कारखान्यांच्या फडावर, ते पाडव्याच्या आसपास परत. कधी ती आजीजवळ राहायची, कधी त्यांच्याबरोबर जायची. एका वर्षी परत आल्यावर आमच्या भिंतीच्या सावलीत ती आणि ताई खेळत होत्या. ताईने नेहमीसारखं घर मांडलं, कपाट, बाज, सगळं. तिने शेजारी कडब्याच्या पात्यांची एक कोपी उभी केली. आत तीन दगड, एक झाकण म्हणजे पाण्याचा ड्रम, आणि पत्र्याचा तुकडा घासून केलेला कोयता. संपलं. ताई म्हणाली, आणखी ठेव की काहीतरी. ती म्हणाली, "एवढंच असतंय." मग हात पसरून आमच्या ओसरीचा कोपरा दाखवला आणि म्हणाली, खरी कोपी इतकी असती, आत उभं राहता येत नाही. मला तेव्हा ते मजेशीर वाटलं. खेळातलं घर आणि खरं घर यांत इतका कमी फरक.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती बहुतेकदा जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या मुलाला अर्धा कोयता म्हणतात. त्यामुळे मुलगा कामाचा झाला की त्याचं लग्न लावायची घाई होते, आणि वयात आलेली मुलगी फडावर कशी न्यायची, घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीने तिचंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांना विचारलं, त्यांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात साधारण २२ टक्के होतं. बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर. ती मुलगी नववीत शाळेत आली नाही. आम्हाला वाटलं फडावर असेल. ती फडावरच होती, पण आईवडिलांबरोबर नाही.

आता त्या प्रदर्शनातल्या पाट्या परत वाचा. 'हरवलेलं बालपण', 'गेले ते दिवस', असं काहीबाही. भातुकली म्हटलं की आपल्याला लगेच भावगीत ऐकू येतं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण जी वस्तू मुळात संसाराची तालीम म्हणून मुलीच्या हातात दिली गेली, तिच्याबद्दल पहिला प्रश्न हा हवा की तालीम किती वर्षं चालली. सातव्या वर्षी हातात आलेला झारा कितव्या वर्षी खरा झाला? आमच्याकडे होतं म्हणणाऱ्या काकूंच्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं असेल? पितळेच्या घरातही हिशोब फार वेगळा नव्हता. जुन्या वाड्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या नवऱ्या मुली भातुकली घेऊन सासरी गेल्याचे उल्लेख आपल्या आत्मचरित्रांत कमी नाहीत. म्हणजे 'गोड' म्हणून बघितलेल्या त्या बंबाने आणि कडब्याच्या कोपीने एकच गोष्ट पाहिलेली आहे. त्या दोघींना एका टेबलावर ठेवायला हवं होतं, असं मला वाटतं ते यासाठी. गरिबीचा कोपरा म्हणून एक वेगळं टेबल मांडा असं मी म्हणत नाही. ते तर आणखी वाईट.

लहान घर गोड न करता दाखवता येतं का? येतं. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाच्या एका श्रीमंत बाईने १९४० च्या दशकात एकास बाराच्याच प्रमाणात घरं केली, पडद्यांसकट, स्वयंपाकघरातल्या डब्यांसकट. फक्त प्रत्येक घरात कुणीतरी मरून पडलंय. पोलिसांना तपासाचं शिक्षण देण्यासाठी ती केली होती, आणि त्यांतली अठरा आजही बाल्टिमोरमध्ये त्याच कामासाठी वापरतात. त्यांत साध्या, गरीब घरांतल्या बायका बऱ्याच आहेत. ओट्यावर अर्धवट सोललेले बटाटे आहेत. मी त्यांचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा लक्षात आलं की आपण 'किती गोड' म्हणत नाही आहोत, आपण बटाट्यांकडे बघतोय. कोण सोलत होतं? मध्येच का थांबली? वस्तू तेवढीच बारीक, कारागिरी तितकीच, पण बघणाऱ्याला काम दिलेलं आहे. भातुकली मांडणाऱ्यांनी मृतदेह आणावेत असं अर्थातच नाही. पण झाऱ्याची मूठ जिथे झिजली आहे ती बाजू वर ठेवायला काय हरकत आहे? कढईच्या बुडाला जळालेल्या गुळाचा डाग असेल तर तो घासू नका. पितांबरीने आपण नेमका पुरावा पुसतो.

आणि पाटीवर लिहा. 'पितळ, सुमारे शंभर वर्षं जुनं' हे कुठल्याही जुन्या बाजारातला दुकानदार सांगतो, आणि वर 'अँटिक आहे साहेब' म्हणून दुप्पट भाव लावतो. वस्तू देणाऱ्याला दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? हे कुणाचं होतं, आणि ती खेळायची कधी थांबली? उत्तर मिळालं नाही तर तेही लिहा. कोडमध्ये आम्ही एखादी माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवतो, रकानाच उडवत नाही. कारण रकाना उडवला की पुढच्या माणसाला कळतही नाही की इथे काही विचारायचं होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवाळीला घरी गेलो आणि शोकेस उघडलं. सोफ्याचे काही मणी पिवळे पडलेत. एका खुर्चीचा पाय सुटलाय, तो मला आठवतं तेव्हापासून सुटलेला आहे. हातात घेतल्यावर दोन गोष्टी पहिल्यांदा कळल्या. एक म्हणजे त्याचं प्रमाण काटेकोर आहे. लांब सोफा, खुर्च्या, टीपॉय, सगळं एकमेकांशी जुळतं. भातुकलीसारखं हाताने ठरलेलं नाही. हे बघण्यासाठीच केलेलं आहे, म्हणजे आमच्या गावातलं खरं बाहुलीघर हेच. दुसरं म्हणजे हा सोफा कशाचीच प्रतिकृती नाही. करणाऱ्या मुलींपैकी कुणाच्याही घरी सोफा नव्हता. पेट्रोनेलाबाईंनी जे होतं ते लहान करून कपाटात ठेवलं. या मुलींनी जे नव्हतं ते. १९९४ साली रुखवतात मांडलेलं हे फर्निचर आठवण नव्हतं, मागणी होती. आमच्या घरी ती पुरी व्हायला सत्तावीस वर्षं लागली.

रुखवताला आपल्याकडे कुणी कला म्हणत नाही. सलाईनच्या नळीचा मासा दिसला की शहरात शिकलेली आमची पिढी हसते. मीही हसलोय, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर तर फोटो दाखवून हसवलंय. रुखवत जमवणारा संग्राहक मला अजून भेटलेला नाही. प्लास्टिक, थर्मोकोल, लोकर, आइस्क्रीमच्या काड्या. अँटिक व्हायला यातलं काही योग्य नाही. पण पन्नास वर्षांनी कुणाला विचारायचं असेल की १९९० च्या दशकात मराठवाड्यातल्या मुलींनी घर म्हणून काय डोळ्यासमोर आणलं होतं, तर याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. आणि तो सध्या दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत कचरागाडीत जातोय.

आई भाकरी करत होती. मी सोफा घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"आता ते कशाला काढायलास?"

म्हटलं, याची पाटी लिहायचीय. कुणी केला होता?

तिने हात पुसले नाहीत, लांबूनच बघितलं. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी. मणी अंबाजोगाईहून आणले होते. सोफ्याचा नमुना एका मासिकात बघून. पंधरा दिवस लागले, रात्री कंदिलाच्या उजेडात, कारण दिवसा शेतात. तिचं वय तेव्हा सोळा, एक मैत्रीण तिच्याच वयाची, बाकीच्या दोघी पंधरा. त्याच्या पुढच्या वर्षी एकीच्या रुखवतात हाच सोफा निळ्या मण्यांचा केला. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरीच्या. चौथीच्या वेळी करायला गावात कुणी उरलं नव्हतं, तिच्या आईने बीडहून विकत आणला.

"तू खेळायची कधी थांबलीस?"

"खेळायला कुठं मिळालं आम्हाला," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. मग थोडं थांबून, "हे करताना लई हसलो पण आम्ही. ती धाकटी तर मणी गिळायला लागली होती."

मी मोबाइलवर लिहून घेत होतो. मण्यांचा सोफासेट, चार नग, काच आणि नायलॉन, १९९४. करणाऱ्या मुलींची नावं विचारली. तिने तिघींचीही सांगितली, माहेरच्या आडनावासकट, आणि मी ती टाइप केल्यावर स्क्रीनकडे बघून म्हणाली,

"नावं नको घालूस बाबा. त्यांच्या सुना वाचत्यात मोबाइलवर."